फूल खोटं चालेल, सावली खरी हवी

लग्नाच्या अल्बममधलं गुलाबाचं फूल खोटं असतं, याबद्दल माझी तक्रार नाही. ते कागदावर टेकलेलं नसतं, याबद्दल आहे. पाकळ्या झकास, पानांच्या शिरा झकास, वर दवाचे थेंबही शिंपडलेले. पण खाली जी सावली असते ती सगळीकडून सारखी, काळीकुट्ट आणि फुलापासून जरा फटकूनच. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही. तो नुसता पान उलटतो. बापाने हौसेने करवून घेतलेला अल्बम पाहुणे चहा निवायच्या आत चाळून बाजूला ठेवतात, त्याचं एक कारण ही सावली आहे, असं माझं ठाम मत आहे.

मी सावरगावची. जाम नदीच्या एका काठाला आम्ही, दुसऱ्या काठाला पांढुर्णा. घराच्या पुढच्या खोलीत माझा संगणक आहे आणि लग्नसराईत इकडच्या नि सौंसरकडच्या फोटोग्राफरांची अल्बमची कामं माझ्याकडे येतात. फोटो ते काढतात, पानं मी लावते. पानं लावायची म्हणजे फोटो निवडायचे, कापायचे, मागे रंगीत कागद द्यायचा आणि मग सजवायचं: तोरणं, रिबिनी, मोती, बटणं, फाटक्या कडांचे कागद, चिकटपट्टीचे तुकडे. यातली एकही वस्तू माझ्या टेबलावर नसते. सगळं फोटोशॉपमध्ये चालतं. अमेरिकेतल्या हौशी बाया वहीत फोटो चिकटवून भोवती फिती-बटणं लावायच्या, तीच हौस पुढे संगणकावर गेली आणि डिजिटल स्क्रॅपबुक झाली. आमच्याकडे ती करिझ्मा अल्बमच्या दाराने आली, एवढाच फरक.

तर या खोट्या बटणांची आणि खोट्या फितींची मी बाजू घेणार आहे. सजावट अशी दिसावी की बघणाऱ्याचा अंगठा नकळत तिच्यावरून फिरावा. आणि त्याच अल्बममध्ये जो माणूस लग्नाला नव्हता, तो आला होता असं मात्र दिसू नये. या दोन मागण्या एकमेकींच्या उलट आहेत असं फोटोग्राफर मला ऐकवतात. तसं नाही, पण ते समजायला आधी सावली नीट बघावी लागते.

वाळलेलं पिंपळाचं पान टेबलावर ठेवा आणि खिडकीच्या उजेडात बघा. देठ जिथे टेबलाला टेकलाय तिथली सावली बारीक, गडद, रेषेसारखी. पानाचं टोक वर वळलंय, तिथली सावली पसरट, फिकट, कडा विरलेल्या. एकाच पानाची सावली, पण दोन टोकांना दोन तऱ्हांची. खिडकीचा उजेड एका ठिपक्यातून येत नाही, रुंद चौकटीतून येतो. वस्तू जितकी उचललेली, तितका त्या रुंद उजेडातला थोडा थोडा भाग कडेने तिच्याखाली शिरतो आणि सावली पातळ करतो. सॉफ्टवेअरला यातलं काही ठाऊक नाही. त्याला आपण अंतर किती, धूसर किती, गडद किती असे आकडे द्यायचे. तेच आकडे ते पानाच्या देठालाही लावतं आणि टोकालाही.

फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. एकावर एक थर ठेवायची सोय, जिला आम्ही लेयर म्हणतो, ती १९९४ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत आली. एक खूण केली की सावली तयार, ही सोय १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत. त्याआधी ज्याला सावली हवी, तो ती हाताने करायचा. वस्तूची काळी प्रत काढायची, खाली सरकवायची, धूसर करायची. वेळ जायचा, पण सरकवताना कुठे आणि किती, हे डोक्यात यायचंच. आता विचार करायची गरज उरली नाही आणि म्हणून सगळ्या अल्बमांतली सगळी फुलं एकाच उंचीवर लटकतात.

यावर तोड अवघड नाही. आयती सावली घ्यायची, पण ती वस्तूपासून सोडवून वेगळ्या लेयरवर आणायची. मग वार्प नावाच्या हत्याराने तिचा एक कोपरा बाहेर ओढायचा, तिथे धूसरपणा वाढवायचा, गडदपणा उतरवायचा. जिथे वस्तू टेकलीय तिथे दुसरी, केसासारखी बारीक सावली द्यायची. फोटोचा कोपरा लगेच कागदावरून सुटल्यासारखा दिसतो. रंगाचंही तसंच. सावली काळी नसते. ती खालच्या कागदाच्या रंगाचीच गडद बहीण असते. पिवळ्या कागदावर तपकिरी, गुलाबीवर मरून, भर उन्हात मोकळ्या आभाळाखाली निळसर, कारण सूर्य अडला तरी आभाळाचा उजेड तिथे पोहोचतोच. मी खालच्या कागदाचाच रंग उचलते, त्याला गडद करते आणि लेयर मल्टिप्लायवर टाकते. एवढ्याने हळदीच्या पानावरची काजळी निघून जाते.

मापाकडे तर कोणी बघतच नाही. अल्बमचं उघडलेलं पान १२ बाय ३६ इंचांचं. इंचाला ३०० ठिपके धरले तर ते ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल होतं. एवढं पडद्यावर मावत नाही, म्हणून आपण ते लहान करून बघत काम करतो. लहान करून बघताना २० पिक्सेलची सावली अगदी नाजूक वाटते. छापून आली की ती जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर भरते. साध्या कागदाची सावली इतकी सरकत नाही. सरकली तर तो कागद नव्हे, उचलून धरलेला पुठ्ठा. दीड सेंटिमीटरचं बटण १७७ पिक्सेल, सहा मिलिमीटरची टिकली ७१ पिक्सेल. माझ्या कीबोर्डशेजारी शाळेतली फुटपट्टी असते, ती बघून नव्या मुलींना हसू येतं. पण नवरीच्या डोक्याएवढा झेंडू मी कोणाच्याही पानावर ठेवलेला नाही.

सगळ्यात मोठा घोळ फिरवण्यात होतो. आयत्या सजावटीच्या फायली मिळतात, मागचा भाग कापून दिलेल्या, पीएनजी म्हणतात त्या. त्यांतल्या बऱ्याच फुलांत उजेड आणि सावली आधीच भरलेली असते. डिझायनर एकच फूल घेतो, चार कोपऱ्यांत चार दिशांना फिरवून लावतो. फुलासोबत त्याचा उजेडही फिरतो. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या फुलावर ऊन डावीकडून, खालच्या उजव्या कोपऱ्यातल्यावर थेट जमिनीतून. एका पानावर चार सूर्य. फूल आरशासारखं उलटवलं तरी हेच. म्हणून अंगची सावली असलेलं फूल मी घेतच नाही. घेतलं तर फिरवत नाही. पानावर उजेड एकच, माझ्याकडे तो बहुधा वरच्या डाव्या बाजूने येतो, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिथूनच येतो.

सोनेरी अक्षरांवर बोलले तर गावातले फ्लेक्सवाले माझ्याशी भांडतील, पण बोलतेच. बेव्हल अँड एम्बॉस नावाची सोय अक्षरांना जाडी देण्यासाठी आहे. एक-दोन पिक्सेल दिली तर पुठ्ठ्यातून कापलेलं अक्षर वाटतं. आपल्याकडे चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छा प्लास्टिकच्या फुगवलेल्या नळ्यांनी लिहिलेल्या असतात, अक्षरांवर चकाकी डावीकडून आणि भाऊंच्या गालावर उजेड उजवीकडून. भाऊ निवडून येतात तो भाग वेगळा.

बाकी बारकावे थोडक्यात. फाटलेल्या कागदाची कड पांढरी आणि थोडी केसाळ असते, रंग फक्त वरच्या थराला असतो. रिबीन फोटोवरून जाऊन भोकातून खाली जायची असेल तर तिचा तो भाग खरंच झाकावा लागतो आणि भोकाच्या काठाशी सावली गडद करावी लागते. मोबाईलवरचा फोटो जरा मऊ, दाणेदार असतो; त्यावर काचेसारखं लख्ख फूल ठेवलं की ते उपरं दिसतं. फुलाला थोडे दाणे द्यावेत, धार थोडी मोडावी.

आता ज्या गोष्टीवरून माझं आणि फोटोग्राफरांचं बिनसतं, तिच्याकडे येते. अल्बमच्या पानावर दोन उजेड असतात. एक फोटोच्या आतला: मांडवातल्या हॅलोजनचा, फ्लॅशचा, दुपारच्या उन्हाचा. दुसरा पानाचा, जो मी ठरवते. माझी फुलं, फिती, बटणं या दुसऱ्या उजेडात जगतात. रिबीन नवरीच्या खांद्यावरून गेली तरी तिची सावली खांद्याच्या चढउतारावर वळता कामा नये. ती सरळ पडली पाहिजे, कारण खाली खांदा नाही, खांद्याचा सपाट फोटो आहे. सावली सरळ पडली की बघणाऱ्याला कळतं, हा फोटो आहे आणि त्यावर कोणीतरी हौसेने फीत लावलीय. फसवणूक कसलीच नाही. सजावट जितकी खरी, तितकं हे चिकटवलेलं पान आहे हे उघड.

ही हौस नवी नाही. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचल्या आणि लोकांनी त्यांच्या लुगड्यांच्या काठांवर खरी जर चिकटवली, दागिन्यांच्या जागी टिकल्या नि मणी लावले. अशी नटवलेली चित्रं आजही संग्रहांत बघायला मिळतात. चित्रातल्या देवीवर रविवर्म्याचा उजेड, जरीवर घरातल्या समईचा. चित्र चित्र राहिलं, जर जर राहिली. मी तेच करते, फक्त माझी जर पिक्सेलची आहे.

घोळ सुरू होतो तो सजावट पानावरून उतरून फोटोच्या आत शिरते तेव्हा. दरवर्षी लग्नसराईत कोणी ना कोणी येतं आणि म्हणतं, ‘ताई, आबाजीले मांडवात उभं करून द्या न. लगन पाहाची लय इच्छा होती त्यायची.’ आबाजी आदल्या साली गेलेले असतात. आधार कार्डासाठी काढलेला फोटो सोबत आणलेला असतो. ते मला करता येतं. मांडवातल्या उजेडाची दिशा ओळखायची, आबाजींच्या गालावर तोच उजेड द्यायचा, पायाशी टेकलेली सावली, मांडवाच्या लाल कापडाची लाली पांढऱ्या धोतरावर. वर जे जे सांगितलं ते सगळं इथे वापरता येतं आणि म्हणूनच मी ते इथे वापरत नाही.

समोरच्याचं दुःख खरं असतं. ‘कोनाचं काय बिघडते त्यात?’ या प्रश्नाला पटकन उत्तर देता येत नाही, हेही खरं. माझं उत्तर असं, की अल्बम आज बघणाऱ्यांसाठी नसतो. आज बघणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे आबाजी नव्हते. तीस वर्षांनी जो नातू बघेल त्याला सांगितलं तरी पटणार नाही. त्याच्या लेखी आजोबा अक्षता टाकायला हजर होते आणि बाबा उगाच हळवे होऊन वेगळं सांगतात. त्या बाबांच्या मनातली रिकामी खुर्ची मी पुसून टाकलेली असेल.

मग मी काय करते? जुन्या काळ्या पानांचा अल्बम आठवतोय का, दोन पानांच्या मध्ये बटर पेपर आणि फोटोच्या चार कोपऱ्यांना त्रिकोणी कागदी खोळी? आबाजींचा फोटो मी तशा चार खोळींत बसवते. कडा जुन्या प्रिंटसारख्या कातरलेल्या, एक कोपरा किंचित मुडपलेला, त्याखाली पिवळट पडलेला कागद. मांडवाच्या फोटोशेजारी, त्याच्याएवढाच मोठा. शेजारी त्यांच्या टोपीचा किंवा चष्म्याचा फोटो काढून ठेवते, घरात असला तर. खोळींची सावली करायला मला आबाजींना मांडवात उभं करण्याइतकाच वेळ लागतो. त्या पानावर आबाजी आहेत, आणि ते लग्नाला नव्हते हेही आहे. बहुतेक घरं हे बघून थांबतात आणि हेच ठेवा म्हणतात. काही घरं दुसरीकडे जातात. जाऊ देते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या फोटोंसाठी येणाऱ्या अशा मागण्यांचं तर विचारूच नका. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: त्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि सावरगाव नि पांढुर्णा दोन काठांवरून एकमेकांवर दगडफेक करतात. पांढुर्ण्याच्या पोरांनी झाड तोडून झेंडा नेला की तो चंडी मातेच्या देवळात जातो. गोटमार म्हणतात तिला. डोकी फुटतात, जीवही गेले आहेत, आणि ती असावी की नसावी यावर मी इथे लिहू लागले तर अल्बम राहील बाजूला. तर पलीकडचा एक पोरगा माझ्याकडे आला, मोबाईलमध्ये स्वतःचा पात्रात उभा असलेला फोटो घेऊन. ‘ताई, झेंडा माह्या हातात देऊन द्या. फ्लेक्स लावाचा हाय.’ मी म्हटलं, बाबा, मी सावरगावची. झेंडा माझ्या हातून तुला मिळेल का? तो हसला, पण गेला नाही. शेवटी मी त्याच्या फोटोभोवती पळसाच्या पानांची चौकट केली, पानं एकमेकांवर चढवून, देठांच्या सावल्या नीट टेकवून. हात रिकामाच ठेवला. फ्लेक्स झकास दिसला, असं तोच सांगून गेला.

कुठे थांबायचं याची माझी रेघ फार सोवळी नाही. मांडवातली तुटकी प्लास्टिकची खुर्ची मी काढते, डोक्यावरून गेलेली वायर काढते. नवरीच्या हनुवटीवरचा मुरूम काढते, तो आठवड्यात गेलाच असता. तीळ काढत नाही. रंग उजळून मागतात तेव्हा वाद होतो आणि तो मी बऱ्याचदा हरते, कारण सासरचे, माहेरचे आणि फोटोग्राफर तिघेही एका बाजूला असतात. आता मोबाईलमधलं एआय हे सगळं चुटकीसरशी करून देतं. आबाजींना उभं करतं, हात हलवायला लावतं, हसवतं. सजावटीसाठीही लोक ते वापरतात. झेंडूचं तोरण मागितलं तर तोरण येतं, सावलीसकट येतं. तोरण सुंदर असतं. फक्त ते आपला उजेड सोबत घेऊन येतं आणि माझ्या पानाच्या उजेडाशी त्याचं जुळतंच असं नाही. मग पुन्हा सावली खरवडून काढा, नवी करा.

आयत्या फायलींबद्दल माझी खरी नाराजी वेगळीच आहे. त्यांत राजस्थानी हत्ती असतात, महालांच्या कमानी असतात, विलायती गुलाब आणि फुलपाखरं असतात. आम्ही मध्य प्रदेशात राहतो म्हणून शीर्षकं हिंदी येतात: बारात, फेरे, जयमाला. आमच्या घरांत सीमांतपूजन होतं, अंतरपाट धरतात, सप्तपदी होते, बाशिंग बांधतात. अख्ख्या अल्बममध्ये बाशिंगाचा फोटो असतो आणि सजावटीत त्याचा मागमूस नसतो. पांढुर्णा २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला, त्याचे मोठमोठे फ्लेक्स लागले, त्यांच्याही कोपऱ्यांत तेच गुलाब.

म्हणून मी स्वतःचं भांडार करते आहे. कापसाचं उकललेलं बोंड, संत्र्याची डहाळी बहारासकट, पळसाचं पान आणि फाल्गुनात त्याचं फूल, मुंडावळ्यांचे मणी, बाशिंगाची बेगड, हळदीचं बोट उमटलेला कागद, सुपारी, अक्षता. वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीशी फोटो काढायचा, उजेड नेहमी डावीकडून. प्रत्येक वस्तू निरनिराळ्या बाजूंनी फिरवून पुन्हा काढायची, म्हणजे पुढे संगणकात फिरवायची वेळ येत नाही. सपाट गोष्टी, कापडाचा तुकडा, जुनी पत्रिका, स्कॅनरवर उत्तम येतात. पण हल्लीचे पातळ, स्वस्त स्कॅनर काचेला चिकटलेलं तेवढंच नीट बघतात. बोंड किंवा सुपारी त्यावर ठेवली तर टेकलेला भाग लख्ख आणि बाकी धुकं. जुने जाड, दिव्याचे स्कॅनर थोडी खोलीही पकडतात, कोणाच्या माळ्यावर पडलेला असेल तर भंगारात देऊ नका, मला विचारा.

बेगडीचा फोटो काढणं सगळ्यात त्रासाचं. तिच्यात समोरचं सगळं दिसतं, माझा हात, मोबाईल, खिडकीचे गज. त्या गजांची सावली नि झळाळी मी पुसत नाही. पानाचा उजेड खिडकीतून येतो असं एकदा ठरवलं, की बेगडीत खिडकी दिसणं योग्यच आहे.

येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना एक सांगणं आहे. मुंडावळ्या आणि बाशिंग कार्यानंतर कोणी देवघराच्या खुंटीला टांगतात, कोणी नदीत सोडतात. सोडायच्या आधी अल्बम करणाऱ्याकडे घेऊन जा, मग तो कोणीही असो. मोबाईलवर त्यांचा फोटो पाठवू नका, वस्तूच न्या. आणि झेंडूच्या माळा हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच न्या. संध्याकाळपर्यंत त्या काळवंडतात, आणि ओला झेंडू कागदावर जसा जड बसतो तसा सुकलेला बसत नाही.